चित्रांनाही विसावा हवा

एखाद्या चित्रसंग्रहालयात माणसे दुसऱ्यांदा गेली की हटकून एक तक्रार करतात. "काय हो, मागच्या खेपेला त्या भिंतीवर एक सुरेख चित्र होते. आता तिथे भलतेच लावले आहे. ते कुठे गेले?" पहारेकरी सांगतो, "आत ठेवले आहे." तेवढ्याने पाहुण्याचे समाधान होत नाही. तो बाहेर पडता पडता म्हणतो, "लोकांच्या पैशावर संग्रहालय चालायचे, आणि चांगली चित्रे मात्र कुलपात! हा कुठला न्याय?"

श्रोतेहो, ही तक्रार वाजवी आहे. लोकांची वस्तू लोकांना दिसलीच पाहिजे. पण ज्या चित्राला कुलपात ठेवले म्हणून आपण रागावतो, त्या चित्राचे रंग आपल्या नातवंडांना दिसावेत म्हणूनच ते बहुधा आत गेलेले असते. लहान संग्रहालये आपली चित्रे पाळीपाळीने, हंगामाहंगामाने का मांडतात, ते आज आपण समजावून घेऊ. त्यासाठी उदाहरण घेऊ आपल्याच मुलखातले, सातारा जिल्ह्यातील औंधचे.

औंध हे खटाव तालुक्यातील गाव. सह्याद्रीचा पाऊस इथवर येता येता विरून जातो, त्यामुळे मुलूख कोरडा आणि दुष्काळाच्या तोंडचा. गावाजवळच्या डोंगरावर यमाईदेवीचे स्थान आहे, आणि त्याच डोंगराच्या अंगावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली सुरू केले. बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालचा. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून पुष्कळांना ते ठाऊक आहेत. पण ते स्वतः चित्रकार होते, हे तितके ठाऊक नसते. १९१६ साली त्यांनी स्वतःच्या हाताने रंगविलेल्या चित्रांचे रामायण प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या लेण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली निघाला. पुढे १९३९ साली त्यांनी आपल्या संस्थानात लोकांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना अमलात आणली, १९४८ साली संस्थान विलीन झाले, आणि १९५१ साली बाळासाहेब वारले. संग्रहालय आज महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे.

या राजाला आपला संग्रह पुण्यामुंबईत नेऊन ठेवता आला असता. तेथे पाहणारे जास्त मिळाले असते, वाहवाही जास्त झाली असती. पण त्याने तो गावातच मांडला. देवीला येणाऱ्या माणसाने येता जाता रविवर्म्याचे चित्र पाहावे, ही सोय त्यामुळे झाली. चांगली वस्तू रोजच्या वाटेवर असली की तिचा परिणाम नकळत होतो. पंडित सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधास येऊन राहिले. वेदांचे पंडित म्हणून त्यांची ख्याती, पण मुळात ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांचे चिरंजीव माधवराव पुढे नामांकित चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे पहिले कलासंचालकही झाले. चित्रे मानणाऱ्या गावाचा अशा घडणीत काहीच वाटा नसेल, असे कोण म्हणेल?

आता संग्रहात काय काय आहे ते पाहू. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे आहेत. जुन्या राजपूत, पहाडी, मोगल आणि विजापुरी पद्धतीची लघुचित्रे आहेत. लघुचित्र म्हणजे हातात धरून पाहावे एवढे, कागदावर बारीक कुंचल्याने काढलेले चित्र. त्यांत 'किरातार्जुनीया'ची एक चित्रमालिका फार नावाजलेली आहे. अर्जुन तप करतो, शंकर किराताच्या म्हणजे भिल्लाच्या वेषात येतो, एकाच रानडुकरावर दोघांचे बाण लागतात आणि शिकार कोणाची यावरून दोघांची जुंपते, ही आपल्या ओळखीची कथा तिच्यात चित्राचित्राने उलगडत जाते. शिल्पेही आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे शिल्प खटाव तालुक्यातल्या या गावात आहे, असे सांगितले तर शहरातली माणसेदेखील चकित होतात.

पाहा, येथे तीन तऱ्हेच्या वस्तू झाल्या. दगड-धातूच्या, कापडावर तैलरंगाने रंगविलेल्या, आणि कागदावरच्या. पाहणाऱ्याला तिन्ही सारख्याच. सांभाळणाऱ्याला मात्र तिन्ही वेगळ्या, कारण उजेड सोसण्याची प्रत्येकीची ताकद निराळी.

उजेडाने रंग जातो, हे घरच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. नवे लुगडे त्या सावलीत वाळत घालतात. घरातल्या भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे भिंतीचा मूळ रंग चौकोनाएवढा ताजा दिसतो, आणि तसबिरीतला आजोबांचा चेहरा मात्र पिवळा पडलेला असतो. चित्राचे तेच होते. जुने चित्रकार गेरू, हिंगूळ, हरताळ, नीळ, लाख, काजळ अशा पदार्थांपासून रंग करीत. गेरू आणि काजळ पक्के. पण लाखेचा तांबडा आणि निळीचा निळा उजेडात हळूहळू फिके होतात. हरताळाचा पिवळा उडतो, हिंगूळ काळवंडतो. बरे, हे एका दिवसात होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय झालेले नुकसान भरून निघत नाही. मळलेले चित्र जाणता माणूस स्वच्छ करील, फाटलेला कागद जोडील. पण उडालेला रंग परत आणणारी विद्या अजून निघालेली नाही. वर रंग फासला तर ते त्या जुन्या चित्रकाराचे चित्र राहत नाही.

उजेड मोजण्याचे एक माप आहे, त्याला लक्स म्हणतात. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो, तो साधारण एक लक्स. संग्रहालयशास्त्रातला नियम असा की, कागदावरची चित्रे, हस्तलिखिते आणि वस्त्रे यांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये. तैलचित्रे अधिक दम धरतात. त्यांना दीडशे-दोनशे लक्स चालतात. दगडाला आणि धातूला उजेडाची भीती नाही. संग्रहालयाच्या काही दालनांत उजेड मंद का असतो, हे आता कळले असेल. ती विजेची काटकसर नव्हे.

पण मंद उजेडानेही सारे भागत नाही. उजेड किती तीव्र, याबरोबरच तो किती वेळ पडला याचाही हिशेब ठेवावा लागतो. ५० लक्स उजेडात चित्र आठ तास टांगले, म्हणजे आठ गुणिले पन्नास, ४०० माप उजेड त्याने एका दिवसात खाल्ला. जे रंग फार नाजूक, त्यांना वर्षाकाठी १५,००० मापांपेक्षा जास्त उजेड देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आता भागाकार करा. १५,००० भागिले ४००, उत्तर येते साडेसदतीस. म्हणजे वर्षातले सुमारे ३७ दिवस ते चित्र भिंतीवर राहावे आणि उरलेले दिवस त्याने अंधारात विसावा घ्यावा. तीन महिन्यांचे प्रदर्शन मांडले आणि त्यात संग्रहालय ७५ दिवस उघडे राहिले, तर चित्राचा दोन वर्षांचा वाटा संपला. मग पुढचे वर्ष ते बाहेर काढता येणार नाही.

उन्हाचा हिशेब तर याहून भयंकर आहे. दुपारच्या कडक उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. त्या उन्हाची तिरीप एखाद्या नाजूक चित्रावर पडली, तर अवघ्या नऊ मिनिटांत त्याच्या वर्षाचा शिधा संपतो. खिडकी उघडी राहिली आणि तासभर कोणाचे लक्ष गेले नाही, तर साडेसहा वर्षांचा वाटा गेला.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटकन उमजेल. विहिरीत पाणी बेताचे असते तेव्हा आपण मोट किंवा पंप दिवसभर चालू ठेवीत नाही, पाळी लावतो. आज या वाफ्याला, उद्या त्या वाफ्याला. कोणी पाणी अडवून ठेवले असे त्यावेळी आपण म्हणत नाही. चित्राचा रंगही असाच बेताचा असतो. विहिरीला निदान पावसाळ्यात नवे पाणी येते. चित्राच्या विहिरीत नवे पाणी येत नाही. आहे तेवढेच पाणी आपल्याला, आपल्या मुलांना आणि त्यांच्या मुलांना पुरवायचे आहे. म्हणून प्रदर्शनाची पाळी लावावी लागते.

उजेडाशिवाय दुसरा शत्रू म्हणजे ओल. हवेतला दमटपणा शेकडा ६५ ते ७० च्या वर जाऊन तिथेच टिकला की कागदावर बुरशी धरू लागते. कसर लागते, खळीचा वास घेत झुरळे येतात. औंधचा मुलूख कोरडा, म्हणून कोकणापेक्षा तेथे बरे. पण आषाढ-श्रावणात हवा तिथेही ओलसर होतेच. त्या दिवसांत कागदावरच्या वस्तू बंद कपाटात, कोरड्या जागी असलेल्या बऱ्या.

मग लहान संग्रहालयाने वर्षाची आखणी कशी करावी? मी एक नमुना मांडतो. अमक्याच संग्रहालयाने हे असेच करावे असा आग्रह नाही. पण औंधसारखा संग्रह डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते.

पहिला हंगाम पावसाळ्याचा. जूनमध्ये शाळा उघडतात. या दिवसांत कागद आत आणि शिल्प बाहेर. दगड-धातूच्या मूर्ती उजेड सोसतात, म्हणून त्यांना खिडकीजवळ आणावे. मुलांनी शिल्पाभोवती फिरून पाहावे. समोरून एक दिसते, बाजूने दुसरे, मागून तिसरे. मूरच्या 'माता आणि मूल' या शिल्पाजवळ उभे राहून, "आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होते?" एवढाच प्रश्न विचारावा. आपल्याकडची कडेवर मूल घेतलेली बाई ज्याने रोज पाहिली आहे, त्याला परक्या देशातले हे शिल्प परके वाटणार नाही.

दुसरा हंगाम आश्विनापासून. औंधला आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास संगीताचा उत्सव होतो. त्याची परंपरा १९४० पासूनची. दूरदूरचे गायक-वादक आणि रसिक गावात येतात. पाठोपाठ दिवाळीला मुंबईची चाकरमानी मंडळी येतात. हे दिवस गावाशी नाते असलेल्या चित्रकारांचे. बाळासाहेबांची स्वतःची चित्रे, त्यांच्या आश्रयाने काम केलेल्यांची चित्रे या वेळी मांडावीत. बाहेरून आलेल्याला गावाची ओळख होते, आणि गावकऱ्यालाही आपल्या गावाची नव्याने ओळख होते.

तिसरा हंगाम पौषाचा. यमाईची यात्रा भरते, गर्दी लोटते. गर्दीत लघुचित्रे मांडून उपयोग नाही. तळहाताएवढे चित्र दहा माणसांच्या खांद्यांवरून कोणाला दिसणार? या वेळी मोठी तैलचित्रे हवीत. रामायण-महाभारतातले प्रसंग, शिवकालातले प्रसंग, दहा पावलांवरून दिसतील असे. यात्रेकरूला कथा ठाऊक असते, त्यामुळे तो आपोआप शेजाऱ्याला समजावून सांगू लागतो. एवढे स्वस्त आणि जाणकार मार्गदर्शक दुसऱ्या कुठल्या संग्रहालयाला मिळतात?

यात्रा पांगली, माघ-फाल्गुनाची कोरडी हवा सुरू झाली, की चौथा हंगाम लघुचित्रांचा. पडदे ओढलेले, उजेड मंद, माणसे थोडी. 'किरातार्जुनीया'ची मालिका क्रमाने लावावी, म्हणजे पाहणारा ती पोथीसारखी वाचीत जाईल. पण एकाच वर्षी सगळी मालिका काढू नये. समजा, वीस-वीस चित्रांचे संच केले आणि एक संच दोन वर्षांतून एकदा बाहेर आला, तर कोणतेच चित्र आपल्या वाट्यापेक्षा जास्त उजेड खाणार नाही. आणि दरवर्षी येणाऱ्या माणसाला दरवर्षी नवे काही दिसेल.

इथे कोणी विचारील, "वीसच चित्रे? संग्रहात इतकी असताना?" होय, वीसच पुष्कळ झाली. दोनशे चित्रांच्या दालनातून माणूस बाजारातून चालावा तसा चालतो. वीस चित्रांपुढे तो थांबतो. प्रदर्शन म्हणजे नुसती मांडामांड नव्हे. त्यात एक सूत्र लागते. "पाऊस", "आई", "लढाई", "झाडे", कसलेही सूत्र घ्या, पण ते एक असू द्या. चित्राखाली चिठ्ठी मराठीत हवी आणि सातवीतल्या मुलाला वाचता येईल अशी हवी. चित्रकार कोण, साल कोणते, कशावर आणि कशाने काढले, आणि काय पाहावे हे सांगणारी दोन वाक्ये, एवढे पुरे. आणि ज्या खिळ्यावरचे चित्र आत गेले आहे, तिथे एक पाटी लावावी: "हे चित्र विसाव्याला गेले आहे; अमुक महिन्यात परत येईल." एवढी पाटी असली, तर सुरुवातीला सांगितलेली तक्रार निम्मी कमी होईल. लोकांना नाही म्हटल्याचा राग येत नाही; कारण न सांगितल्याचा येतो.

आता गुरुजी आणि बाईंसाठी थोडे सांगतो. सहल म्हणजे शंभर मुले, एक तास, आणि "हात लावू नका, पुढे चला" एवढेच बोलणे, असे पुष्कळदा होते. त्याऐवजी तीस मुले न्या आणि तीनच चित्रे दाखवा. जाण्यापूर्वी वर्गात त्या चित्रांची कथा सांगा. तेथे गेल्यावर पहिली दोन मिनिटे कोणी काही बोलायचे नाही, नुसते पाहायचे. मग विचारा: चित्रात दिवसाची कोणती वेळ आहे? वारा कुठून येतो आहे? कोण कोणाकडे बघते आहे? उत्तर बरोबर की चूक यापेक्षा मुलाने ते चित्रात बोट न लावता दाखविले की नाही, हे महत्त्वाचे. बोट न लावण्याचे कारणही सांगा. हाताचा घाम आणि तेल चित्रावर राहते, त्यावर धूळ बसते आणि डाग पडतो.

उजेडाचा धडा शाळेतच देता येतो. लाल, निळा, पिवळा, जांभळा असे घोटीव कागदाचे तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने घट्ट झाका आणि सारे दक्षिणेच्या खिडकीत, ऊन येईल तिथे ठेवा. त्याच रंगांचा दुसरा संच कपाटात बंद करा. महिन्याने पुठ्ठा काढा. कोणता रंग किती उडाला, ते मुले स्वतःच सांगतील. त्याच तासाला वर सांगितलेला भागाकारही करून घ्या. विज्ञान, गणित आणि चित्रकला यांचा एकच पाठ होईल.

घरीही हे ज्ञान कामाला येते. पुष्कळ घरांत जुनी पोथी असते, आजोबांच्या लग्नातला फोटो असतो, एखादे जुने चित्र असते. ते उन्हाच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, चुलीच्या धुराजवळ नको, ओल येणाऱ्या भिंतीला तर नकोच. फोटोची प्रत काढून ती भिंतीवर लावा आणि मूळ फोटो स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा. पोथीला वरचेवर ऊन देण्याची जुनी चाल आहे. पण ऊन दाखवायचे ते खोलीला आणि पेटीला, उघड्या पानांना नव्हे. पानांना सावलीतली कोरडी हवा पुरे. आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि कागद घेऊनच निघतो.

अशी लहान संग्रहालये महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांच्याकडे पैसा थोडा आणि माणसे थोडी. त्यांना मोठ्या शहरांसारखी नवी नवी प्रदर्शने बाहेरून मागविता येत नाहीत. आहे त्याच संग्रहातून वर्षाचे हंगाम उभे करावे लागतात. ते नीट उभे राहायचे असतील, तर पाहणाराही वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा यायला हवा. "एकदा पाहिले, झाले" असे म्हणणारा माणूस देवळात मात्र दर यात्रेला जातो.

तेव्हा पुढच्या वेळी आपण संग्रहालयात गेलात आणि ओळखीचे चित्र जागेवर दिसले नाही, तर जरूर विचारा. ते कुठे आहे, केव्हा परत येणार आहे, आणि आत ज्या कपाटात ठेवले आहे ते कोरडे आहे ना, हेही विचारा. असे विचारणारी चार माणसे गावात निघाली, तर सांभाळणाऱ्यालाही बळ येते. आणि पुढचा हंगाम कधीपासून, ती तारीख शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.